बटणांत भरलेली फी

तुम्ही म्हणे कुठल्याशा कंपनीची फ्रँचायझी घ्यायला निघालाय. घ्या की, नाही कोण म्हणतंय? पण सही ठोकायच्या आधी घटकाभर टेका इथं, आणि टोनरकाकाचं काय झालं ते ऐकून घ्या. फुकट सांगतोय. हल्ली फुकट सांगणारा माणूस भेटत नाही, आणि भेटलाच तर त्याच्या खिशातून कुठल्यातरी कंपनीचं माहितीपत्रक डोकावत असतं. माझे खिसे तपासा हवं तर. एक चष्मा आणि एक भोक, एवढंच निघेल.

टोनरकाका म्हणजे झेरॉक्स मशीनचा मेकॅनिक. एकतीस वर्षं ह्या माणसानं लोकांच्या ऑफिसात गुडघे टेकून मशीनच्या पोटात हात घातले. त्या मशीनमध्ये एक काळी पूड असते, तिला टोनर म्हणतात. ती ह्याच्या बोटांत अशी मुरली होती की हात धुतले की साबण काळा व्हायचा, हात तसेच. म्हणून नाव पडलं टोनरकाका. खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवायला लागायचं.

एके दिवशी त्याच्या कंपनीनं ठरवलं, दुरुस्तीचं खातंच बंद. मशीन बिघडली की फेकायची, नवी आणायची. मेकॅनिकांनाही तोच नियम. काकाच्या हातात एक एकरकमी चेक ठेवला आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ चौथ्या दिवशी बंद पडलं. काकानं ते खोललं, नीट केलं, परत लावलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "घरात बसणाऱ्यातला नव्हे मी. महिन्याभरात स्वतःच्या दुकानात बसलेलो दिसेन."

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. काकाची सासू ह्यांच्याकडेच राहायची. ती म्हणाली, "बसायचंच आहे ना, जावईबापू? मग इथं काय वाईट बसलाय?"

घरात माणसं चार. काका, सासूबाई, ऑफिसात जाणारी लेक आणि काकू. काकूंचं सांगायलाच हवं. काकू एकोणीस वर्षं औषधांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. समोरून पट्टा धावायचा, पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं, आणि एका पाकिटात एक गोळी कमी असली तर काकूंचा हात बरोब्बर त्याच पाकिटावर पडायचा. वर्षापूर्वी कारखाना दुसऱ्या गावाला गेला. पट्टा गेला, काकू राहिल्या. कारखान्याची एक निळ्या पुठ्ठ्याची वही तेवढी घरी आली, तीही अर्धी कोरी. मग काकू घरातलंच तपासायला लागल्या. दुधाच्या पिशवीचं तोंड, लेकीचा डबा, काकाचे मोजे. रोज सकाळी काकाचे दोन्ही मोजे उजेडाला धरून बघायच्या. काकाला वाटायचं, स्वभाव. आपण मशीनचा आवाज ऐकतो तसं ही मोजे बघते. पुढं त्यानं डोकं चालवलं नाही.

तर काकानं तीन माहितीपत्रकं आणली. फ्रँचायझी म्हणजे काय, तर धंदा दुसऱ्याचा, पाटी दुसऱ्याची आणि पैसे आपले. त्यात काकाला असा धंदा हवा होता जो दुकानदारांची, ऑफिसवाल्यांची कामं करून देतो. पहिली कंपनी कागदवाली: झेरॉक्स, छपाई, कुरियर. प्रवेश फी दणदणीत, पण नंतर महिन्याच्या धंद्यातला वाटा बारीक. दुसरी झाडूवाली, ऑफिसं साफ करून देणारी. प्रवेश फी नावाला, गिऱ्हाईकही कंपनीच आणून देणार, पण वाटा असा की मांजरानं लोणी खावं. तिसरी हिशेबवाली, छोट्या दुकानांचे हिशेब लिहून देणारी. तिला धंद्यातला वाटा नको. तिला दर महिन्याला ठरलेली रक्कम हवी, दुकान चालो की झोपो.

काकानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तीन रकाने आखले आणि तुलना सुरू केली. अकरा दिवस तुलना चालली. सकाळी कागदवाली जिंकायची, दुपारी झोप काढून उठला की झाडूवाली, संध्याकाळी पाय मोकळे करून आला की हिशेबवाली. लेकीनं कॉम्प्युटरवर तक्ता करून दिला तर म्हणाला, कॉम्प्युटरला काय कळतंय, त्याचा अडकलेला कागदसुद्धा इतकी वर्षं मीच ओढून काढत होतो.

आणि वेळ थोडा होता. कागदवालीनं प्रवेश फीत सूट दिली होती, पण जेमतेम महिन्याभरावरच्या एका बुधवारपर्यंतच. त्या दिवशी कंपनीचा माणूस घरी येऊन सही नेणार होता. मग एकदा काकू भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "हे पैसे एकदाच मिळालेत. बुडाले तर परत एकतीस वर्षं गुडघ्यावर बसणार आहात का?"

काकाला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. आणि सकाळी दात घासताना त्याला ती भन्नाट कल्पना सुचली. जगातली बरीच वाट लागलेली कामं दात घासतानाच सुचलेली असतात.

तो म्हणाला, मशीन घ्यायच्या आधी चालवून बघतात की नाही? मग फी का नाही बघायची? कागदावर कुठलीही फी काडीसारखी दिसते, मानेवर बसली की तिचं वजन कळतं. तेव्हा तिन्ही कंपन्यांच्या अटी घरात एकेक आठवडा लावून बघू. धंदा कसला? तर इस्त्रीचा. घरातली इस्त्री काकाच करायचा, आवडीनं. वाफ निघणारी कुठलीही वस्तू त्याला आवडायची. गिऱ्हाईक? घरातली माणसं, आणि वरच्या मजल्यावरचा वेटर, त्याला रोज एक पांढरा शर्ट कडक लागायचा. पैशांच्या जागी बटणं. काकू कुठलाही शर्ट पोछ्याला लावायच्या आधी त्याची बटणं कापून बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या, अशी पंचवीस वर्षांची पुंजी होती. सगळ्यांना थोडी थोडी वाटली, काकाला भांडवल म्हणून चाळीस दिली. आणि कंपनी कोण व्हायचं?

"तू हो," काका काकूंना म्हणाला. "नुसती फी गोळा करायची. बसल्याजागी होईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काकू म्हणाल्या, "मला एक रात्र द्या. करार लिहावा लागेल." आणि निळी वही घेऊन बसल्या.

सकाळी करार सात पानांचा झाला होता.

पहिला आठवडा कागदवालीचा. प्रवेश फी तीस बटणं. ती काकानं छाती फुगवून मोजली, कारण ती त्याला माहीत होती. मग काकू म्हणाल्या, आता कोट घाला. कोट कशाला? तर पत्रकाचं पान नऊ: दुकानदारानं कामाच्या वेळी काळा कोट घालावा, सगळी बटणं लावून. घरात काकाचा काळा कोट एकच, त्याच्या लग्नात मेहुण्यानं दिलेला, उत्तम कापडाचा, चमकदार चार भोकांच्या काळ्या बटणांचा. तो घालून काका स्वयंपाकघरात इस्त्रीला उभा राहिला. इस्त्रीतून निघत नव्हती तेवढी वाफ माणसातून निघत होती.

मग प्रशिक्षण. तीस वर्षं इस्त्री करणाऱ्या माणसाला काकूंनी दोन दिवस शर्टाची कॉलर शिकवली आणि तीन बटणं मागितली. काका म्हणाला, प्रशिक्षणाची फी पत्रकात कुठंय? काकूंनी पत्रक पुढं केलं.

"पान अकरा. खाली. चष्मा लावा."

होती. मुंगीनं लिहावी तशा अक्षरात, पण होती. पाटीचे पैसे होते, जाहिरातीचे होते. काकानं अकरा दिवस त्या पत्रकातली मोठी अक्षरं आणि हसरी माणसं वाचली होती. काकूंनी एका रात्रीत उरलेलं सगळं वाचलं होतं. तिसऱ्या दिवशी काकाचं भांडवल साफ. पण गिऱ्हाईक पक्कं होतं आणि वाटा खरंच बारीक होता, त्यामुळं रविवारी रडतखडत नऊ बटणं हातात उरली. काका म्हणाला, बघ, तरलो. काकूंनी वहीत लिहिलं: तरले, पण घामाघूम.

दुसरा आठवडा झाडूवालीचा. प्रवेश फी दोन बटणं! काका शीळ घालत इस्त्रीला लागला. कोटही नको होता, नुसता फडका खांद्यावर. मंगळवारी सासूबाईंनी पहिली तक्रार केली, पदराला दोन घड्या पडल्यात. करारात होतं, तक्रार आली की गिऱ्हाइकाची बटणं परत. काकानं गुमान दोन बटणं परत दिली. झालं! म्हातारीला शोध लागला. इतकी वर्षं ती जावयाबद्दल फुकट तक्रार करत होती, आता त्याचा मोबदला मिळायला लागला. सकाळी एक तक्रार, चहानंतर एक, निजायच्या आधी एक. बुधवारी तर तिनं रुमालाबद्दल तक्रार केली, आणि तो रुमाल काकाचा होता. तिच्या गालावर असा रंग चढला की डॉक्टरच्या टॉनिकानं कधी चढला नव्हता.

सहा तक्रारी झाल्या की कंपनी गिऱ्हाईक काढून घेणार, असंही कलम होतं. म्हातारी गिऱ्हाइकांतून गेली, काका परत शीळ घालायला लागला. पण गुरुवारी वेटरचा शर्ट आला नाही. शुक्रवारी नाही. काकानं वर जाऊन चौकशी केली तर वेटर म्हणाला, काका, मी शर्ट तुमच्याच घरी देतो की, तुमच्या लेकीकडं.

काका खाली आला. ज्या पोरीनं जन्मात इस्त्रीची वायर सरळ केली नव्हती ती बाहेरच्या खोलीत शर्टावर पाणी शिंपडत होती.

"हे काय चाललंय?"

"बाबा, मी पण फ्रँचायझी घेतली. परवा. आईनं दिली. दोन बटणांत."

काका तरातरा काकूंकडं गेला. एका घरात दोन दुकानं? ह्याला काही नीतिनियम? काकूंनी वही उघडली. पान सहा: त्याच इलाख्यात दुसरं दुकान देण्याचा हक्क कंपनीकडं राहील. "आणि हे झाडूवालीचंच नाही," काकू म्हणाल्या. "कागदवालीच्या पान चौदावर पण आहे. मागच्या आठवड्यात मला सुचलं नाही म्हणून वाचलात."

तिसऱ्या आठवड्यात हिशेबवाली आली आणि खरी गंमत, म्हणजे खरी वाट, तिथं लागली. वाटा नाही, तक्रार नाही, कोट नाही, लेकीचं दुकान आठवड्यापुरतं बंद. फक्त रोज संध्याकाळी सहा बटणं कंपनीच्या डब्यात. सोमवार-मंगळवार मजेत गेले. बुधवारी लेक ऑफिसच्या कामाला परगावी गेली. वेटरला ताप आला, तो पांघरूण घेऊन पडला, आणि पांघरुणाला कुणी इस्त्री करत नाही. राहिली म्हातारी. तिला तक्रारीची बटणं बंद झाल्याचा राग होता. ती म्हणाली, मला कुठं जायचंय, मी आता चुरगळलेलीच बरी.

संध्याकाळी सहा वाजता काकू डबा घेऊन हजर. काकानं दिली. गुरुवारी दिली. शुक्रवारी खिशात दोनच निघाली. उधारी करारात नव्हती. काका म्हणाला, जरा थांब, आतून आणतो. आत गेला, कपाट उघडलं. समोर काळा कोट.

आता तुम्ही म्हणाल, खेळच होता, हरलो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण एकतीस वर्षांत ह्या माणसानं एकही मशीन 'होत नाही' म्हणून सोडली नव्हती. त्यानं नखं कापायचं कटर घेतलं आणि कोटाच्या बाह्यांवरची चार बटणं कापली. शनिवारी पुढची चार, आणि वर उशीच्या अभ्र्याची दोन. रविवारी आतल्या खिशांची दोन, आणि बघतो तर कोटाला आता फक्त भोकं उरली होती. काकू प्रत्येक बटण उजेडाला धरून बघायच्या, वहीत लिहायच्या: काळं, चार भोकांचं, अखंड, जमा. रविवारी दोनच बटणं घेऊन काका बाहेर आला, ती डब्यात टाकली आणि म्हणाला, "संपलं. करार मोडला."

काकूंनी पान उलटलं. करार मोडल्यास तीन दिवस त्या इलाख्यात तो धंदा करता येणार नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे बुधवारपर्यंत इस्त्री करायची नाही. कुणाचीच. स्वतःचीसुद्धा."

आणि बुधवारी कंपनीचा माणूस यायचा होता.

ह्या तीन आठवड्यांत काकाचा कौल मात्र पक्का झाला होता. घ्यायची तर कागदवालीच. तिथं निदान मशीन होत्या, आणि मशीनशी त्याचं जमायचं. बुधवारी सकाळी त्यानं चांगला शर्ट काढला. चुरगळलेला, जसा काही म्हशीनं चघळून परत दिलाय. लेकीला म्हणाला, बाळा, एवढ्या एका शर्टावर इस्त्री मार. लेकीचं दुकान परत सुरू झालं होतं. ती म्हणाली, "बाबा, बटणं आहेत का तुमच्याकडं?" काकानं तिच्याकडं असं बघितलं की तिनं मान खाली घातली, पण इस्त्रीला हात लावला नाही. पोरगी आईवर गेलेली.

मग तो कोट घेऊन काकूंकडं गेला. आवाज खाली आणून म्हणाला, ती पुढची चार तेवढी दे. सही झाली की परत घे.

काकू डब्यावर हात ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भरलेली फी परत मिळत नाही. पान दोन. ह्या एका बाबतीत तिन्ही कंपन्यांचं एकमत आहे."

"अगं, पण माझीच बटणं आहेत ती!"

"ते पैसे पण तुमचेच आहेत. सही केल्यावर चुकलं असं वाटलं आणि मागायला गेलात, तर देणार आहेत ते परत?"

काकानं कोटाच्या भोकांकडं बघितलं. तो कोट हातात घेऊन उभा राहिला, शाळेत अंगठे धरून उभा राहायचा तसा. काकूंनी त्याच्याकडं बघितलं. मग उठल्या, त्याला कोट चढवला, स्वतःच्या पदराची सेफ्टी पिन काढली आणि कोटाच्या पोटावर लावली. कॉलर सारखी केली.

"पिन माझी आहे," म्हणाल्या. "कंपनीची नाही."

अकरा वाजता कंपनीचा माणूस आला. सूट असा की माशी बसली तर घसरावी. समोर पिन लावलेला काका, मागं खुर्चीत मुद्दाम चुरगळलेली म्हातारी. त्यानं क्षणभर दारावरचा नंबर परत वाचला. पण सह्या घ्यायच्या होत्या, म्हणून हसला, बसला, करार काढला, पेनाचं टोपण उघडून पेन काकाच्या हातात दिलं.

"कुठं करू?" काका म्हणाला.

"थांबा," काकू म्हणाल्या. निळी वही घेऊन समोर बसल्या आणि त्या माणसाला विचारलं, पान चौदाचं काय?

तो म्हणाला, बाई, ती सगळी नेहमीची कलमं असतात. काकू म्हणाल्या, वाचा. त्यानं वाचलं. आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की तो ते पहिल्यांदाच वाचतोय.

"तुम्ही ह्यांच्या दुकानासमोर दुसरं दुकान काढू शकता," काकू म्हणाल्या. "मी काढून बघितलं. लेकीला दिलं. तीन दिवसांत ह्यांचं गिऱ्हाईक गेलं."

"मुलीचं दुकान आहे?"

"इस्त्रीचं."

"आणि ह्यांचं?"

"इस्त्रीचंच."

"मग कंपनी कुठली?"

"मी."

त्यानं म्हातारीकडं बघितलं. म्हातारी म्हणाली, "मी गिऱ्हाईक. सेवा वाईट होती."

माणसानं हात पुढं केला, काकूंची वही मागितली आणि वाचायला लागला. कुठली फी कुठल्या दिवशी टोचली, कुठली मोठी दिसते पण सोसते, कुठली बारीक दिसते पण रक्त पिते, सगळं तारीखवार. शेवटच्या पानावर काळी बटणं, नग मोजून. वाचता वाचता त्यानं काकाच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

काकाला वाटलं, गेलं. फीतली सूट गेली, दुकान गेलं. आता आयुष्यभर ते घड्याळ दुरुस्त करत बसायचं.

माणूस फोन घेऊन गॅलरीत गेला. अर्धा तास आत आला नाही. काचेतून त्याचा नुसता हात हलताना दिसत होता. काकू चहा ठेवायला गेल्या. म्हातारी म्हणाली, "जावईबापू, पेन जोरात धरायचं असतं." काका पिन घट्ट धरून बसला.

आत आल्यावर तो माणूस म्हणाला, प्रशिक्षणाची फी माफ, मशीनवाल्याला आम्ही काय शिकवणार. आणि ह्या दुकानाच्या आसपास तीन वर्षं दुसरं दुकान देणार नाही, हे करारावर हातानं लिहून देतो. काकूंनी ते लिहून घेतलं, उजेडाला धरलं, मान हलवली. तेव्हा कुठं पेनाचं टोपण परत निघालं आणि काकानं सही केली.

मग तो माणूस उठला नाही. चुळबुळ केली आणि काकूंना म्हणाला, आमची तपासनीस बाई मागच्या महिन्यात सोडून गेली. दुकानं फिरून तपासायची असतात. बावीस दुकानं आहेत. तुम्हाला जमेल का?

"बावीस?" काकू म्हणाल्या. "पट्ट्यावरून मिनिटाला दीडशे पाकिटं जायची."

त्यांनी काकाला विचारलं नाही. काकाकडं बघितलंसुद्धा नाही. निळ्या वहीची कोरी पानं अंगठ्यानं फरफर उलटून बघितली, किती उरलीत ती. आणि काकाला त्यांचा चेहरा दिसला. पहिल्या पाळीला जाताना बसथांब्यावर असायचा ना, तो चेहरा. वर्षभर घरात नव्हता तो. गेला कधी हेही ह्याला कळलं नव्हतं. तेव्हा कुठं काकाच्या डोक्यात उजेड पडला की वर्षभर आपले मोजे का तपासले जात होते.

तो त्या माणसाला म्हणाला, "तिला जमेल. लिहून घ्या."

मग मात्र त्याला पुढचं सुचलं. तो हळूच म्हणाला, पण नवऱ्याचं दुकान बायकोनं तपासायचं नाही, असा काहीतरी नियम असेल ना? कंपनीचा माणूस पानं चाळायला लागला. काकू म्हणाल्या, "शोधू नका. नाहीये. मी बघितलंय."

तर आता काकाचं दुकान आहे, चांगलं चाललंय. अडकलेला कागद असा काढतो की कागदाला कळत नाही. काकू महिन्यातून एकदा निळी वही घेऊन येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा दारात उभं राहून म्हणाल्या, "नमस्कार. दुकानाचे मालक कोण?" सकाळी एकाच ताटलीतली बिस्किटं खाऊन निघाले होते दोघं! काका म्हणाला, अगं, मीच की. म्हणाल्या, पूर्ण नाव सांगा. काकालाही जरा आठवावं लागलं. मग काच बघितली, कागदाची थप्पी बघितली, सगळं ठीक. आणि नजर कोटावर आली. पान नऊ: काळा कोट, सगळी बटणं लावून. दंड.

दुसऱ्या महिन्यात परत दंड. तिसऱ्या महिन्यात ताकीद. दंड लावतात, संध्याकाळी घरी येतात, काकाला गरम गरम जेवायला वाढतात, आणि बटणं? बटणं पलंगाखाली बिस्किटाच्या डब्यात. दहाच्या दहा. काकानं एकदा जेवता जेवता विषय काढून बघितला. काकू म्हणाल्या, पान दोन. आणि आणखी एक घास वाढला. बाजारात तसली बटणं आता मिळत नाहीत. शिंप्यानं दाखवली ती दोन भोकांची, आणि काकूंची नजर तुम्हाला सांगितलीच आहे.

म्हणून म्हणतो, तुम्ही फ्रँचायझी घ्या, नका घेऊ, तुमची मर्जी. पण बारीक अक्षर वाचा, आणि माझं एक काम करा. घरी एखादा जुना काळा कोट पडला असेल तर त्याची बटणं बघा. चार भोकांची, चमकदार असली तर चार कापून आणा. झेरॉक्स काढायच्या निमित्तानं दुकानात जा आणि काकाच्या हातात गुपचूप ठेवा. फक्त आत निळी वही घेतलेली बाई दिसली तर खिशातून हात काढू नका. तिनं बघितलं तर ती उजेडाला धरेल, अखंड आहेत म्हणेल आणि जमा करून घेईल.